कॅट परत देतेय, व्हर्बल कसं सुधारू? (व्हीएआरसी ६१ पर्सेंटाइल)

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. २०२४ च्या २४ नोव्हेंबरची कॅट (आयआयएमसारख्या एमबीए कॉलेजांची प्रवेश परीक्षा) दिली होती. पर्सेंटाइल (शंभरातल्या किती जणांना मागे टाकलं) असे: गणिताचा क्वांट ९४, तक्ते-कोड्यांचा डीआयएलआर ८८ आणि इंग्रजीचा व्हीएआरसी, म्हणजेच व्हर्बल, ६१. ओव्हरऑल ९० च्या जरा खाली. म्हणजे दोन सेक्शननी कमावलं आणि एकानं उधळलं. ज्या कॉलेजांवर डोळा होता त्यांची सेक्शनल कटऑफच (प्रत्येक सेक्शनला लागणारे किमान पर्सेंटाइल) पार होत नाही, मग ओव्हरऑलचं काय लोणचं घालू.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे सल्ला देणाऱ्याला अंदाज येईल. वाळवा तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मिडियम, मग डिप्लोमा, इंजिनिअरिंग, आता हिंजवडीत तीन वर्षं नोकरी. ऑफिसात इंग्रजी मेल लिहिते, कॉलवर बोलते, कुणाला काही अडलेलं दिसत नाही. तयारीसाठी पुण्यात एक क्लास लावला होता (नाव घेत नाही), तिथे पहिल्याच दिवशी शब्दांची जाडजूड यादी हातात दिली. दोनेक हजार शब्द वहीत उतरवले, बसच्या गर्दीत पाठ केले. शिवाय रोज एक अग्रलेख वाचायचा असं सांगितलेलं तेही सात महिने इमानदारीत केलं.

आणि पेपरात काय झालं, तर पहिलाच उतारा. एकदा वाचला, काही कळलं नाही, परत वाचला, मग प्रश्न बघून परत वाचला, आणि घड्याळ बघितलं तर ११ मिनिटं गेलेली. ४० मधली ११. तिथून पुढे हात थंड. प्रत्येक प्रश्नाला चारातले दोन पर्याय मी बरोबर काढून टाकते आणि उरलेल्या दोनातला न चुकता चुकीचा धरते, हे मॉकमध्येही (सराव परीक्षेत) असंच व्हायचं.

आता नोव्हेंबरला परत द्यायचीय. माझे प्रश्न: शब्द वाढवू की ग्रामर धरू? की मराठी मिडियमवाल्यांनी व्हर्बलचा नाद सोडून फक्त सीईटीवर (महाराष्ट्राची एमबीए प्रवेश परीक्षा) जोर द्यावा? खरं सांगा, गोड बोलू नका.

बेंचवरचा_इंजिनिअर:
मराठी मिडियमचा प्रॉब्लेम खरा आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. लहानपणापासून इंग्रजी कानावर पडलेल्यांना ते आपोआप जमतं. तुम्ही असं करा, इंग्रजी सिरीज सबटायटल लावून बघा, रोज इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, मित्रांशी इंग्रजीत बोला, आणि शब्दांची यादी परत एकदा रिव्हाइज करा. सहा महिन्यात फरक पडतो. माझी इंग्लिश मिडियम होती त्यामुळे मला हे काही करावं लागलं नाही, पण रूममेटला झाला फायदा.

तिसरा_अटेम्प्ट:
बेंचवाले दादा, रूममेटला किती पर्सेंटाइल आले ते पण सांगा म्हणजे आम्हालाही फायदा होईल 😄

वारणाकाठ, माझं नाव बघून कळलंच असेल. पहिल्या वेळी ५५, मग ७०, मग ९३, हे फक्त व्हीएआरसीचे सांगतोय. एक गोष्ट आधी डोक्यातून काढ, कॅटमध्ये गेली कित्येक वर्षं शब्दाचा अर्थ सांगा किंवा वाक्यातली चूक काढा असा सरळ प्रश्न येतच नाही. २४ प्रश्न असतात, त्यातले १६ आरसीचे, म्हणजे उतारा वाचून उत्तरं द्यायचे, चार उतारे, प्रत्येकी चार प्रश्न. उरलेले ८ म्हणजे पॅराजंबल (विस्कटलेली वाक्यं क्रमाने लावणं), वेगळं वाक्य ओळखा, सारांश, आणि हे वाक्य कुठे बसेल तो प्रकार. यात ती दोन हजार शब्दांची वही कुठे लागली सांग. क्लासवाले यादी देतात कारण यादी छापणं सोपं आणि पोरांनाही काहीतरी केल्यासारखं वाटतं.

शब्द अडला तरी उतारा अडत नाही. मला अजून निम्मे शब्द येत नाहीत.

ते जाऊदे. आधी हे सांग, रिस्पॉन्स शीट (तू दिलेल्या उत्तरांची नोंद) डाउनलोड करून ठेवलीयस ना? ती उघड आणि व्हीएआरसीचा नीट हिशेब लाव. किती सोडवले, कुठल्या प्रकारात किती बरोबर, किती चूक. पर्सेंटाइल बघून रडण्यात काही नाही, त्यातून काही कळत नाही.

वारणाकाठ:
शीट आहे. खरं सांगू, उघडायची हिंमत झाली नव्हती, आता उघडली.

एकूण २३ सोडवले. आरसीचे १५, त्यात ७ बरोबर ८ चूक. सारांश आणि वाक्य बसवा मिळून ४, त्यात २ बरोबर २ चूक. पर्याय नसलेले, उत्तर टाइप करायचे ४, त्यात १ बरोबर.

तिसरा_अटेम्प्ट:
बघ आता. बरोबरला तीन, चुकीला वजा एक, म्हणजे आरसीत ७ त्रिक २१, वजा ८, हातात १३. पंधरा प्रश्न सोडवून तेरा मार्क. पर्यायवाल्यांत ६ वजा २ म्हणजे ४. टाइपवाल्यांना निगेटिव्ह नसतं त्यामुळे नुसते ३. झाले २०.

समजा तू चौथा उतारा उघडलाच नसतास. तीनच उतारे, १२ प्रश्न, प्रत्येकाला दहा-अकरा मिनिटं, म्हणजे जेवढा वेळ तुला तसाही लागतो तेवढा. त्यातले ९ आले ३ चुकले तर २७ वजा ३, २४. नुसत्या आरसीचेच आता आलेल्या एकूण मार्कांपेक्षा जास्त. मला दुसऱ्या अटेम्प्टला हे कुणी सांगितलं असतं तर तिसरा द्यावा लागला नसता. तू २४ पैकी २३ सोडवलेस याचा अर्थ प्रत्येक प्रश्नाला घाईत दोनातला एक टाकलास, आणि हे मिडियममुळे होत नाही, सगळं सुटलं पाहिजे या हव्यासापायी होतं. आपल्याला शाळेपासून पेपर पूर्ण सोडवायची सवय, पुरवणी घेतली नाही तर घरी विचारायचे.

पण हे झालं निवडीचं. सोडवलेल्यातले निम्मे का चुकतात ते वेगळं, ते मला नीट समजावता येत नाही, मला ते नुसतं करून करून जमलं. मॅडम आहेत का इथे?

संत्रानगरी:
आहे, आहे. पोरांचे पेपर तपासत होते.

वारणाकाठ, मी नागपूरला व्हर्बल शिकवते, सतरा वर्षं झाली. तुझ्यासारखी पोरं दरवर्षी येतात आणि सगळी एकच वाक्य घेऊन येतात, मॅडम माझं इंग्लिश कच्चं आहे. मी पहिल्या दिवशी त्यांना इंग्रजीतलं काहीच देत नाही. मराठीत उतारा देते. तुलाही देते, घड्याळ लावून तीन मिनिटात सोडव, आणि बाकीच्यांनीही सोडवा, पण उत्तर इथे टाकू नका, आधी तिला टाकू द्या.

उतारा: पेठेतला एखादा जुना वाडा पाडला की हळहळणाऱ्यांची कमी नसते. गंमत अशी की या हळहळणाऱ्यांत वाड्यात राहिलेले लोक फार थोडे असतात. जे राहिले त्यांना अंगणातला प्राजक्त आठवतो तशी सकाळी डबा घेऊन लावलेली रांगही आठवते, आणि घरातल्या घरात स्वतःचा नळ असणं ही त्यांच्या लेखी साधी गोष्ट नसते. म्हणून त्यांना वारशाची किंमत कळत नाही असं म्हणणं उद्धटपणाचं आहे. पण त्यांची गैरसोय खरी होती एवढ्यावरून वाडा जपण्याजोगा नव्हता, असंही सिद्ध होत नाही. नक्षीचा खांब सगळ्या गावाचा म्हणायचा आणि गळकं छप्पर मात्र वाड्यातल्या माणसांचं, हा हिशेबच मुळात चुकलेला आहे.

लेखकाचं मुख्य म्हणणं कोणतं?
अ) जुन्या वाड्यांबद्दलची हळहळ वरवरची असते, कारण हळहळणारे तिथे राहिलेले नसतात.
ब) वाड्यातली गैरसोय बघता लोकांनी ते पाडून इमारती बांधणं योग्यच होतं.
क) वारसा म्हणून वाडा सगळ्यांनी मिरवायचा आणि त्याची झळ फक्त आत राहणाऱ्यांनी सोसायची, हे बरोबर नाही.
ड) वाडे टिकवायचे असतील तर सरकारने दुरुस्तीला पैसे दिले पाहिजेत.

वारणाकाठ:
दोन मिनिटं दहा सेकंद. अ आणि ब लगेच उडवले. क आणि ड मध्ये अडकले, नेहमीसारखी. शेवटी ड. कारण शेवटचं वाक्य तेच सांगतंय ना, की छपराचा खर्च एकट्यावर टाकू नका, म्हणजे सरकारने द्यावा. माझ्या मामाचा वाईला वाडा होता, दुरुस्तीला अनुदान मिळालं असतं तर विकला नसता असं तो शेवटपर्यंत म्हणायचा.

संत्रानगरी:
उत्तर क.

आता नीट बघ काय झालं ते. उताऱ्यात सरकार हा शब्द आहे का? नाही. पैसे? नाही. अनुदान? नाही. लेखक हिशेब चुकलाय एवढंच म्हणतो, तो कुणी दुरुस्त करायचा हे सांगत नाही. गावानं वर्गणी काढावी, एखाद्या ट्रस्टनं घ्यावा, काहीही असू शकतं. ते सरकार कुठून आलं? तुझ्या मामाकडून आलं.

आणि मुद्दा असा की हा उतारा मराठीत होता. एकही शब्द तुला अडला नाही. तरी तू तीच चूक केलीस जी इंग्रजीत करतेस, दोन उरले, त्यातला तो धरला जो तुला आधीपासून पटलेला होता. मग मला सांग यात इंग्लिश कच्चं कुठे आलं?

बाकीचे पर्याय पण बघून घे, कारण कॅटचे पर्याय बनवणारे असेच बनवतात. अ मधली अर्धी गोष्ट उताऱ्यात आहे, दुसरं वाक्यच ते, पण ती सुरुवात आहे, लेखक तिथे थांबत नाही. असा पर्याय घाईत वाचणाऱ्याला लागतो कारण शब्द ओळखीचे दिसतात. ब मध्ये लेखकाच्या तोंडी निकाल घातलाय, आणि 'पण त्यांची गैरसोय' या वाक्यात लेखकाने तोच निकाल नाकारलाय. त्या एका 'पण'वर सगळा उतारा फिरतो. इंग्रजी उताऱ्यात असाच एखादा फिरवणारा शब्द असतो आणि तिथे पेन्सिल थांबली पाहिजे, आता पेन्सिल नाही स्क्रीन आहे, पण थांबलं पाहिजे.

वारणाकाठ:
मॅडम मी पाच मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत बसले.

तिसरा_अटेम्प्ट:
मलाही ड वाटलेलं 🙈 ९३ वाला मी. खोटं कशाला बोलू.

संत्रानगरी:
अगं घाबरू नकोस, चूक सापडली म्हणजे अर्धं काम झालं. आता काय करायचं ते सांगते, क्लासला पैसे भरू नकोस.

आयआयएमवाले परीक्षा झाल्यावर खरे पेपर उत्तरांसकट वेबसाइटवर टाकतात. २०२१ पासून पॅटर्न साधारण हाच आहे, दिवसाला तीन स्लॉट, प्रत्येकात चार उतारे. २०२१ ते २०२४ धरलेस तर ४८ उतारे झाले, १९२ प्रश्न. एवढे खरे प्रश्न पडलेले असताना पोरं कुठल्या कुठल्या मॉकमधले वेडेवाकडे उतारे सोडवतात आणि उत्तर पटलं नाही की स्वतःला दोष देतात. मॉकचं उत्तर कधीकधी खरंच चुकीचं असतं, बनवणारा पण घाईतच असतो ना. मॉक लाव, पण वेळेचा अंदाज यायला. डोकं घडवायला खरेच पेपर.

आठवड्याला दोन उतारे, जास्त नाही. पहिल्यांदा घड्याळ न लावता. प्रत्येक परिच्छेद झाला की खाली मराठीत एक ओळ लिहायची, लेखक इथे काय करतोय. काय सांगतोय असं नाही म्हटलं मी, काय करतोय. आधी दुसऱ्याचं मत मांडतोय, मग खोडतोय, मग उदाहरण देतोय, असं. मराठीत लिहिलंस तर तुलाच कळेल समजलंय की नुसतं वाचलंय, कारण न समजलेलं वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं उतरवता येतं, मराठीत आणता येत नाही.

मग प्रश्न. आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर वहीत तीनच गोष्टी: मी काय धरलं, का धरलं, उताऱ्यातली कुठली ओळ त्याच्या विरुद्ध जाते. बरोबर आलेले पण तपासायचे, कारण त्यातले काही लॉटरीत आलेले असतात. एका उताऱ्याला सुरुवातीला तास दीड तास लागेल, लागू दे.

रात्रपाळी:
मध्येच विचारतो, मॅडम ते डोक्यात भाषांतर करणं बंद करा म्हणतात सगळे आणि तुम्ही मराठीत लिहा म्हणताय, हे उलटं नाही का? माझं तेच होतं, इंग्रजी वाक्य वाचायचं, मनात मराठी करायचं, मग पुढचं. स्पीडच येत नाही.

संत्रानगरी:
चांगला प्रश्न आहे. शब्दाला शब्द लावून वाक्य उलटं करत बसणं वेगळं आणि परिच्छेद संपल्यावर गोषवारा मराठीत सांगणं वेगळं. पहिलं केलंस की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतोस, कारण इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं आणि आपण ते शेवटी यायची वाट बघत बसतो. ती सवय भरपूर वाचूनच जाते, तिला शॉर्टकट नाही. पण गोषवारा मराठीत सांगायला काय हरकत आहे, तुझं डोकं ज्या भाषेत चालतं त्या भाषेतच समजणार.

स्पीडची चिंता जूनपर्यंत करू नका. उतारा साधारण पाचशे शब्दांचा. तो पाठ करायला बसत नाहीये आपण, कुठे काय ठेवलंय एवढं लक्षात राहिलं तरी प्रश्नाला परत जाऊन सापडतं. स्वयंपाकघरासारखं आहे, हिंगाची डबी कुठल्या फळीवर ते माहीत पाहिजे.

वारणाकाठ:
आणि वाचायचं काय? अग्रलेख वाचले सात महिने, उपयोग झाला नाही.

तिसरा_अटेम्प्ट:
अग्रलेख वाईट नाहीत पण तिथला विषय तुला आधीच माहीत असतो. निवडणूक, महागाई, पाऊस. अर्धं न वाचता कळतं. कॅटच्या उताऱ्यात एकदम काहीही येतं, तत्त्वज्ञान, पक्ष्यांचं स्थलांतर, जुन्या व्यापाराचा इतिहास, भाषाशास्त्र, आणि आपण इंजिनिअर लोक तत्त्वज्ञान दिसलं की हात वर करतो. मी एऑन नावाच्या वेबसाइटवरचे निबंध वाचायचो, तिथले लेख कॅटमध्ये उताऱ्याला घेतलेलेही आहेत. शिवाय स्मिथसोनियनचं मासिक, गार्डियनचे मोठे लेख. फुकट आहेत सगळे. नियम एकच केलेला, ज्या विषयाची शिसारी येते तो आधी. मला कलेवरचं काही वाचवायचं नाही, चित्राबद्दल तीन पानं कोण लिहितं असं व्हायचं, मग महिनाभर तेच वाचलं. आवड नाही लागली, पण भीती गेली.

आणि ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर वाच, कागदावर नको. परीक्षा स्क्रीनवर असते, डोळ्यांना सवय पाहिजे.

जर्मनीतला_कोल्हापूरकर:
वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. वारणाकाठ, तुमची पाच वर्षं नोकरी होईपर्यंत थांबायची तयारी असेल तर जीमॅटचा (एमबीएची आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षा) विचार केलाय का? तिथे पडलं तर वर्षभर थांबायला लागत नाही, १६ दिवसांनी परत देता येते, बारा महिन्यात पाच वेळा. स्कोअर पाच वर्षं चालतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवीन फॉरमॅट आला त्यात सेंटेन्स करेक्शन, म्हणजे ते ग्रामरचं प्रकरण, काढूनच टाकलं. आता व्हर्बलला २३ प्रश्न ४५ मिनिटं, आरसी आणि क्रिटिकल रीझनिंग (छोटा युक्तिवाद तपासणं) एवढंच. मी जुन्या फॉरमॅटला दोनदा दिलेली, पहिल्यांदा व्हर्बलनेच घात केला. फी मात्र दणकून आहे, खिसा बघून ठरवा.

आणि मॅडमचं म्हणणं इथेही तंतोतंत लागू पडतं. क्रिटिकल रीझनिंगमध्ये सगळे सापळे मामाचेच.

वारणाकाठ:
फी बघितली, सध्या शक्य नाही, घरचं कर्ज आहे. पण नोंद करून ठेवते. आणि मामाला आता सगळ्यांनी धरलंय वाटतं 😅

सीईटीचं कुणी बोललं नाही. एप्रिलमध्ये आहे, फॉर्म भरू ना?

तिसरा_अटेम्प्ट:
भर की, विचारायचं काय त्यात. क्वांट ९४ आणि डीआयएलआर ८८ असलेल्या मुलीला सीईटी म्हणजे घरचं मैदान. २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह नाही, आणि त्यात व्हर्बल फक्त ५०. उरलेले सगळे रीझनिंग आणि गणित. जमनालाल बजाज (मुंबईचं नावाजलेलं एमबीए कॉलेज) तिथूनही मिळतं. फक्त तिथली सवय कॅटला आणू नको. सीईटीत एकही प्रश्न सोडायचा नसतो, शेवटच्या मिनिटाला दिसेल तो पर्याय दाबायचा, आणि कॅटमध्ये नेमका तोच हात आवरायचा. तू बहुतेक दोन्हीची तयारी एकत्र करत होतीस ना?

वारणाकाठ:
हो 😶

रात्रपाळी:
पॅराजंबलचं पण सांगा ना कुणीतरी. निगेटिव्ह नाही म्हणून मी शेवटी काहीतरी आकडे टाइप करून येतो, एकदाही लागला नाही.

संत्रानगरी:
काहीतरी आकडे टाकून लागायचं म्हणजे चार वाक्यांच्या चोवीस जुळण्या होतात, त्यातली एक. मटका खेळ त्यापेक्षा.

घरी करायचा प्रकार सांगते. कुठल्याही लेखातला एक परिच्छेद घ्यायचा, वाक्यं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायची, डब्यात टाकून दोन दिवस विसरायचं, मग काढून लावायच्या. माझ्याकडे एक पोरगा बुलढाण्याहून यायचा, तो बसमध्ये मांडीवर चिठ्ठ्या लावायचा आणि खिडकी उघडी असली की उत्तर उडून जायचं. बघताना अर्थाकडे उशिरा जायचं, आधी बोट दाखवणारे शब्द शोधायचे. हे, ते, असा, तरीही, शिवाय. 'हे' आलं की आधी काहीतरी येऊन गेलेलं असतं, म्हणजे ते वाक्य पहिलं असू शकत नाही. एक मराठीत देते.

१) हे जिओस्मिन मातीतले सूक्ष्म जीव तयार करतात.
२) पावसाचे थेंब कोरड्या जमिनीवर आपटले की बारीक बुडबुडे उसळतात आणि त्यांच्याबरोबर तो वास हवेत जातो.
३) पहिल्या पावसाच्या वासाला आपण मातीचा वास म्हणतो, पण त्यातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रसायनाचा असतो.
४) पण नुसतं ते मातीत असून भागत नाही, नाकापर्यंत पोचायला पाऊसच लागतो.

बेंचवरचा_इंजिनिअर:
३१२४. सोपं आहे.

वारणाकाठ:
मला ३१४२ येतंय. तीन पहिलं कारण जिओस्मिनची ओळख तिथे होते. 'हे जिओस्मिन' म्हणून एक त्याच्या मागे. चार म्हणतंय की मातीत आहे, म्हणजे एक येऊन गेलं पाहिजे. आणि चार म्हणतं पाऊस लागतो, दोन सांगतं का लागतो. दोन आधी आलं तर बुडबुडे बिडबुडे सगळं सांगून झाल्यावर परत पाऊस लागतो म्हणण्यात काय राहिलं?

संत्रानगरी:
३१४२. आणि कारणासकट लिहिलंस ते मला जास्त आवडलं. बेंचवाले, तुम्ही वाड्याच्या उताऱ्याला काय धरलेलं?

बेंचवरचा_इंजिनिअर:
अ.

पण तो उतारा मराठीत होता, मला मराठी वाचायची एवढी सवय नाही.

तिसरा_अटेम्प्ट:
😂😂😂 आता तुमचा रूममेट तुम्हाला मराठी सिरीज सबटायटल लावून दाखवेल.

वारणाकाठ:
तीन आठवड्यांनी परत येतेय. सीईटीचा फॉर्म भरला. शब्दांची वही माळ्यावर टाकली. २०२१ च्या पेपरापासून सुरू केलंय, सहा उतारे झाले, घड्याळ न लावता. पहिल्या दोनात आठातले तीन बरोबर, अंगावर काटा आला होता, न घाई करता पण तीनच. नंतरच्या चारात सोळातले अकरा. एक उतारा तर वाचता वाचता आवडला, संपूर्ण लेख शोधून रात्री वाचत बसले, सकाळी ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगला उशीर झाला.

वहीत चुकांचे प्रकार केलेत. 'घाई', 'अर्धंच वाचलं', 'पण दिसला नाही', आणि चौथ्या रकान्याला नाव दिलंय 'मामा'. म्हणजे उताऱ्यात नसलेलं, माझ्या डोक्यातून आलेलं. आतापर्यंत एकूण दहा चुका, 'घाई' एक, 'अर्धंच' तीन, 'पण' एक. बाकी पाच मामा.

बेंचवरचा_इंजिनिअर:
मी पण परवा एक पेपर काढून बघितला, २०२२ चा. सोळातले सात आले. मामा सहा.